जुन्या ट्यूबा-सूसाफोनचे वेगळ्या घडणीचे व्हॉल्व्ह: ओळखा, उघडा, साफ करा, परत बसवा

जुना ट्यूबा (पितळी फुंकवाद्यांतलं सर्वांत खालच्या स्वरांचं वाद्य) किंवा सूसाफोन (अंगाभोवती घेऊन वाजवायचा ट्यूबा) हातात आला की बहुतेक जण आधी व्हॉल्व्हची, म्हणजे चावी दाबल्यावर हवा जादा नळीतून वळवणाऱ्या भागाची, वरची टोपी फिरवतात आणि पिस्टन ओढून काढतात. नेहमीच्या तीन पिस्टनांच्या वाद्यावर हे खपून जातं. पण स्प्रिंग खाली असलेला पिस्टन, कमी चालीचा पिस्टन, कॉम्पेन्सेटिंग वाद्य (व्हॉल्व्ह जोडीनं दाबताना कमी पडणारी नळी आपोआप भरून काढणारं), दोरीवर चालणारा रोटर (गोल फिरणारा व्हॉल्व्ह) किंवा एकोणिसाव्या शतकातला बर्लिन घडणीचा जाड व्हॉल्व्ह समोर असेल तर हीच सवय वाद्य बिघडवते. भाग अदलाबदल होतात, गाइड (पिस्टन सरळ ठेवणारी खीळ) ओरखडतो, बेअरिंगची पाटी (रोटरच्या दांड्याला आधार देणारी चकती) तिरकी बसते. मग 'जुनं आहे, असंच वाजणार' म्हणून वाद्य कोपऱ्यात जातं. प्रत्यक्षात दोष वयाचा नसून उघडण्याच्या क्रमाचा असतो.

खालचा क्रम पाळा. मधला टप्पा गाळू नका, विशेषतः पहिला आणि तिसरा. लोक नेमके हेच दोन गाळतात.

## टप्पा १: एकही आटा न फिरवता ओळख पटवा

वाद्य मऊ कापडावर आडवं ठेवा आणि प्रत्येक व्हॉल्व्हकडे पुढचे प्रश्न घेऊन बघा.

दाबलेली चावी काय हलवते? बटण सरळ आत जात असेल तर पिस्टन. चावी तरफेसारखी खाली जाऊन एखादा आडवा दांडा किंवा दोरी ओढत असेल तर रोटर. पिस्टन समोरच्या बाजूला झुकवून बसवले असले म्हणून ते वेगळ्या जातीचे होत नाहीत. ती फक्त बसवण्याची दिशा आहे.

बटण किती खाली जातं? पट्टी लावून मोजा. व्हॉल्व्हचा घेर मोठा आणि चाल तोकडी असेल तर ती कमी चालीची घडण समजा. सूसाफोनमध्ये याचं सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे कॉन कंपनीचा २०-के.

नळ्या केसिंगला (पिस्टन ज्या नळकांड्यात सरकतो त्याला) कुठल्या उंचीवर जोडल्या आहेत? आज सर्रास दिसणाऱ्या पेरिने पिस्टनमध्ये हवा आत येणारी आणि बाहेर जाणारी नळी वेगवेगळ्या उंचीवर असते. बर्लिन घडणीत पिस्टन जाडजूड आणि बुटका असतो आणि सगळ्या नळ्या एकाच पातळीत येतात. १८३५ मध्ये व्हीप्रेख्ट आणि मोरित्झ यांनी प्रशियात पेटंट घेतलेल्या पहिल्या बास ट्यूबावर हेच व्हॉल्व्ह होते. नळी थेट केसिंगच्या तळातून बाहेर पडत असेल तर ती श्ट्योल्त्सेल घडण. एका चावीला दोन बारीक पिस्टन जोडीनं हलत असतील तर व्हिएन्ना घडण.

व्हॉल्व्हच्या मागे जादा छोटे वळसे आहेत का? मुख्य स्लाइडींशिवाय (आत-बाहेर सरकणाऱ्या नळ्यांशिवाय) पहिल्या दोन-तीन व्हॉल्व्हना मागून एकेक लहान फेरा असेल तर वाद्य कॉम्पेन्सेटिंग आहे. १८७४ मध्ये ब्लेकली यांनी बूझी कंपनीत ही पद्धत बसवली. हे तुम्ही इथे ओळखलं नाही, तर पुढच्या सगळ्या तपासण्या खोटी ग्वाही देतील.

रोटर असेल तर तो बुटका की उंच-अरुंद? अमेरिकेतल्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या, खांद्यावरून मागे भोंगा असलेल्या बास वाद्यांवर ॲलन घडणीचे अरुंद रोटर सापडतात. तिथे नळ्या व्हॉल्व्हजवळ चपट्या केलेल्या असतात. ही गोष्ट साफसफाईच्या वेळी लागेल.

> तपासणी: व्हॉल्व्ह किती, प्रत्येकाची जात कोणती आणि स्लाइडी किती, हे कागदावर लिहून झालं का? चौथा किंवा पाचवा व्हॉल्व्ह पहिल्या तिघांहून वेगळ्या जातीचा असू शकतो. तीन पिस्टन आणि एक रोटर ही जोडणी अजिबात दुर्मिळ नाही.

## टप्पा २: वळसे मोजा

हे काम कुणी करत नाही, पण अर्ध्या तासात ते वाद्याबद्दल बरंच काही सांगून जातं. एक न ताणणारी दोरी घ्या. प्रत्येक व्हॉल्व्हचा जादा वळसा, स्लाइड पूर्ण आत असताना, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा.

बी-फ्लॅट ट्यूबाची मोकळी नळी (एकही व्हॉल्व्ह न दाबता) सुमारे ५.५ मीटर असते. अर्धा स्वर उतरवायला तिच्यात साधारण ६ टक्के भर लागते, एक स्वर उतरवायला १२ टक्क्यांहून थोडी जास्त. म्हणून अपेक्षित लांबी अशी निघते: दुसरा व्हॉल्व्ह सुमारे ३३ सेंमी, पहिला ६७, तिसरा १०४ आणि चौथा १८४ सेंमी. सुमारे ४.१ मीटरच्या ई-फ्लॅट ट्यूबावर हेच आकडे २४, ५०, ७८ आणि १३७ च्या आसपास येतात. एखाद-दुसऱ्या आकड्यातला पाच-सहा टक्क्यांचा फरक मनावर घेऊ नका.

दोन गोष्टी इथेच उलगडतात. पहिली, पाचवा व्हॉल्व्ह कशासाठी आहे. त्याचा वळसा पहिल्यापेक्षा थोडाच लांब असेल तर तो 'उतरलेल्या एका स्वराचा' (एका स्वराहून थोडं जास्त उतरवणारा) आहे. तिसऱ्याहूनही लांब असेल तर दोन स्वरांचा. बोटांचे तक्ते वाचण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

दुसरी, कुणीतरी परक्या वाद्याची स्लाइड घुसवली आहे का. एखादा आकडा हिशोबापेक्षा फारच वेगळा आला आणि बाकी बरोबर असतील, तर शंका त्या स्लाइडीवर घ्या. सगळे आकडे एकाच प्रमाणात तोकडे आले, तर वाद्य जुन्या चढ्या पट्टीचं असू शकतं. अमेरिकेतली जुनी चढी पट्टी सुमारे ४५७ हर्ट्झची होती, ब्रिटिश ब्रास बँडांची सुमारे ४५२. अशा वाद्याचा व्हॉल्व्ह कितीही घासला तरी स्वर आजच्या ४४० हर्ट्झवर यायचा नाही.

याच आकडेमोडीतून कॉम्पेन्सेटिंग पद्धतीची गरजही दिसते. पहिला, दुसरा आणि तिसरा एकत्र दाबले की २०४ सेंमी भर पडते, पण तीन पूर्ण स्वर उतरवायला २२८ लागते. उरलेल्या २४ सेंमींमुळे स्वर चढा राहतो. मागचे छोटे वळसे अशीच तूट भरतात: चौथा दाबलेला असताना दुसरा दाबला की सुमारे ११ सेंमी जादा नळी जोडली जाते.

## टप्पा ३: उघडण्याआधी हवेची तपासणी

उघडल्यावर 'आधीच गळत होतं की माझ्यामुळे गळतंय' हा प्रश्न सुटत नाही. म्हणून आधी नोंद.

१. दुसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड काढा, तिला ग्रीस लावा आणि पूर्ण आत घाला. काढताना आणि घालताना दुसरी चावी दाबून ठेवा.
२. आता चावी सोडा, स्लाइड बोटभर बाहेर ओढा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग चावी दाबा.
३. 'टप्' असा स्पष्ट आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरतो आहे. आवाज क्षीण असेल किंवा नसेलच तर हवा कुठून तरी निसटते आहे.
४. हेच प्रत्येक व्हॉल्व्हवर करा आणि निकाल लिहा.

> सावधान: ग्रीस न लावता ही तपासणी करू नका. गळकी स्लाइड दोष व्हॉल्व्हच्या माथी मारते.

कॉम्पेन्सेटिंग वाद्यावर एवढ्यानं भागत नाही. मागचे वळसे चौथा व्हॉल्व्ह दाबल्याशिवाय हवेच्या वाटेत येतच नाहीत. तीनच व्हॉल्व्हच्या कॉम्पेन्सेटिंग वाद्यात हे काम तिसरा करतो आणि फक्त पहिल्या-दुसऱ्याला मागचे वळसे असतात. म्हणून चौथा (किंवा तिसरा) दाबून धरा, माउथपीसच्या नळीतून हळू फुंका आणि बाकीचे व्हॉल्व्ह एकेक करून दाबत जा. एखाद्या जोडीला हवा अडली, गुरगुरली किंवा फुसफुसली तर ती जोडी लिहून ठेवा. 'वरचे स्वर उत्तम, खालचे मेलेले' अशी तक्रार असलेल्या वाद्यात दोष बहुधा याच वाटेवर असतो, आणि मालक मात्र माउथपीस बदलत बसलेला असतो.

## टप्पा ४: तयारी

सूसाफोन असेल तर भोंगा आणि गळ्याचे तुकडे आधी उतरवा. व्हॉल्व्हवर वाद्याचं वजन येईल असं ते कधीही टेकवू नका. केसिंग थोडंसं जरी दबलं तरी पिस्टन अडकतो, आणि पिस्टन व केसिंग यांच्यातली फट केसाच्या जाडीहून कमी असते.

हाताशी ठेवा: प्रत्येक व्हॉल्व्हसाठी एक वेगळी वाटी, क्रमांकाच्या चिठ्ठ्या, धागे न सुटणारं सुती कापड, कोमट पाणी, सौम्य भांड्यांचा साबण, मऊ ब्रश, प्लास्टिकची किंवा कच्च्या चामड्याची हातोडी, खाचेत घट्ट बसणारा स्क्रू-ड्रायव्हर, गंजलेले आटे सोडवणारं तेल, व्हॉल्व्हचं तेल, स्लाइडीचं ग्रीस. रोटर असेल तर बेअरिंगचं थोडं दाट तेल आणि गुंफलेली मासेमारीची दोरी. रबरी हातमोजे आणि मास्कही घ्या. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या वाद्यात बुरशी असते आणि अशा वाद्यातली बुरशी फुफ्फुसाला बाधते, हे वैद्यकीय नोंदींत आहे. म्हणून साफ होईपर्यंत तोंड लावून हवा आत ओढू नका. टप्पा ३ मध्येही फक्त फुंका.

लांब ठेवा: पकड, पॉलिश पेपर, तारेची घासणी, पितळ चमकवायची पेस्ट. पिस्टनवरचा निकेलचा मुलामा उडून पितळ दिसत असेल तरी तो घासून सारखा करायचा मोह आवरा. घासलेलं परत येत नाही, फट मात्र वाढते.

आणि फोटो काढा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. दोरी असेल तर अगदी जवळून.

## टप्पा ५: स्लाइडी

पिस्टनांच्या आधी स्लाइडी काढा. ज्या व्हॉल्व्हची स्लाइड, त्याची चावी दाबूनच. नाहीतर आत निर्वात तयार होतो आणि ओढताना सैल सांधा सुटतो. न निघणाऱ्या स्लाइडीच्या सांध्यावर तेल सोडा आणि एक दिवस वाट बघा. दुसऱ्या दिवशीही हलली नाही तर ती सोडून द्या आणि पुढे चला. कापड अडकवून झटका देण्याची युक्ती आजच्या जाड वाद्यांवर चालते. शंभर वर्षं जुन्या पातळ पितळेवर वापरली तर नळी पिळते.

कॉम्पेन्सेटिंग वाद्यातले मागचे लहान वळसे बहुतेकदा डाख देऊन कायमचे बसवलेले असतात. त्यांना ओढून बघू नका.

## टप्पा ६: पिस्टन काढणं

एका वेळी एकच पिस्टन. तो काढला, वाटीत ठेवला, चिठ्ठी लावली, मगच दुसरा.

आधी खालची टोपी. उघडताना तळहात खाली धरा. स्प्रिंग टोपीबरोबर खाली आली तर पिस्टन तळाच्या स्प्रिंगवर उभा आहे. काही आलं नाही तर स्प्रिंग वर, पिस्टनच्या डोक्याशी आहे. या एका क्रमामुळे पुढची निम्मी गडबड टळते. वरून सुरुवात करणाऱ्याच्या हातात पिस्टन येतो आणि सैल स्प्रिंग केसिंगमध्ये राहते. वाद्य उलटं केलं की ती कुठेतरी घरंगळते. मग तीन स्प्रिंगा एका वाटीत जमतात आणि कुठली कुठली हे कुणालाच सांगता येत नाही.

खालच्या टोपीतलं लहान भोक बघा. ते तेलाच्या गाळानं बुजलं असेल तर खाली हवा कोंडते आणि पिस्टन संथ होतो. पुष्कळ 'मेलेल्या' स्प्रिंगांचा इलाज इथेच होतो.

मग वरची टोपी, आणि पिस्टन सरळ वर. फिरवत काढू नका. गाइडची खीळ केसिंगच्या खाचेत असते आणि फिरवलं की ती ओरखडा काढते. अडला तर परत खाली ढकला, खालून दोन थेंब तेल सोडा, पुन्हा उचला.

पिस्टनवरचे आकडे वाचा, पण त्यांच्यावर आंधळा विश्वास नको. १, २, ३ असे ठसे सहसा माउथपीसच्या बाजूनं मोजलेले असतात. पण जुन्या वाद्यांत आधीच कुणीतरी पिस्टन बदललेले असू शकतात. म्हणून ठसा आणि जागा दोन्ही लिहा. ठसा २ आणि जागा ३ असं आढळलं तर तेच वाद्याच्या दुखण्याचं कारण असू शकेल.

*कमी चालीचे पिस्टन.* इथे वरचं आणि खालचं फेल्ट (नमद्याची चकती) हे सगळ्यात महत्त्वाचे भाग. चाल तोकडी असल्यामुळे फेल्ट एक मिलिमीटरनं दबलं तरी भोकांची रांग लांब चालीच्या पिस्टनपेक्षा प्रमाणानं जास्त चुकते. जुनं फेल्ट फेकू नका. ते कितीही कुजलेलं असो, त्याची जाडी हीच तुमच्याकडची एकमेव मोजणी असते.

*कॉम्पेन्सेटिंग पिस्टन.* लांब, जड आणि भोकांनी भरलेले. हातातून निसटून टोकावर पडला तर आतली वाट चेपते आणि ते घरी दुरुस्त होत नाही. दोन्ही हातांनी धरा.

*बर्लिन, श्ट्योल्त्सेल आणि व्हिएन्ना घडण.* मोकळेपणानं निघाला तर काढा, पुसा, तेल लावा, परत ठेवा. नाही निघाला तर तिथेच थांबा. यांचे सुटे भाग विकत मिळत नाहीत, आणि वाद्य मूळचं असेल तर त्याचं मोल न बिघडलेल्या भागांतच आहे. व्हिएन्ना घडणीच्या जोडीतले डावे-उजवे पिस्टन एकमेकांच्या जागी जात नाहीत, तेव्हा त्यांना दोन स्वतंत्र वाट्या.

## टप्पा ७: रोटर काढणं

रोटरला लोक उगाच घाबरतात, आणि घाबरून चुकीच्या बाजूनं उघडतात.

१. मागची टोपी काढा. आत बेअरिंगची पाटी आणि मधोमध दांड्याचं टोक दिसेल. टोकावर आणि पाटीवर बारीक खुणा असतात. चावी सोडलेली आणि दाबलेली, अशा दोन्ही अवस्थांत त्या जुळतात का, याचा फोटो घ्या.
२. दोरी किंवा जोडदांडा सोडवा. दोरी कापण्याआधी ती कशी गुंडाळली आहे याचं चित्र काढा. एका वेळी एकाच व्हॉल्व्हची दोरी सोडा. बाकीच्या नमुना म्हणून राहू द्या.
३. समोरच्या बाजूचा, थांब्याच्या पट्टीवरचा स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा. पूर्ण काढू नका.
४. मागच्या बाजूला कापड घेतलेला तळहात धरा आणि त्या सैल स्क्रूच्या डोक्यावर मऊ हातोडीनं हलके ठोके द्या. मागची पाटी सुटून हातात येईल.
५. आता स्क्रू आणि पट्टी काढा, रोटर मागून सरळ बाहेर.

> नेहमीची चूक: पाटीच्या कडेत स्क्रू-ड्रायव्हर घालून ती उचकटणं. कड फाटते आणि पाटी पुन्हा कधी सपाट बसत नाही.

जुन्या जर्मन घडणीच्या ट्यूबांवर चावीच्या मुळाशी लहान डबी असते आणि तिच्यात घड्याळासारखी गुंडाळलेली पट्टीची स्प्रिंग. चावी नीट परत येत असेल तर ही डबी उघडायचं कारणच नाही. तिचा मधला स्क्रू सैल केला की स्प्रिंग एका झटक्यात उलगडते, आणि परत ताण देणं हे दोन हातांचं काम राहत नाही.

## टप्पा ८: साफसफाई

पाणी कोमट, कढत नाही. कढत पाण्यानं लॅकर (पितळेवरचा पारदर्शक थर) उठतं. फेल्ट आणि कॉर्क आधी उतरवा, ते भिजले की आकार बदलतात. पिस्टन आणि रोटर साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशनं धुवा. भोकांतून कापडाची पट्टी ओढा, धातूची तार नव्हे. ॲलन रोटरच्या चपट्या नळ्यांत गोल ब्रश घुसवू नका. तो अडकतो, आणि ओढताना नळीचा आकार बदलतो. तिथे फक्त पाण्याची धार.

कॉम्पेन्सेटिंग वाद्यात मागच्या वळशांतलं पाणी आपोआप निथळत नाही. वाद्य चारही बाजूंनी सावकाश फिरवा आणि थांबून थांबून पाणी काढा. लोक पुढच्या नळ्या चकचकीत करतात आणि खरा गाळ मागे तसाच राहतो.

हिरवे डाग साबणानं गेले नाहीत तर राहू द्या. ते केसिंगच्या आतल्या घासणाऱ्या भागात असतील, तरच वाद्य दुरुस्तीवाल्याकडे रासायनिक धुलाईला न्या. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नका, आम्लात जास्त वेळ राहिलेल्या पितळेतलं जस्त निघून जातं आणि पृष्ठभाग तांबूस, ठिसूळ होतो.

> तपासणी: केसिंग उभं धरा, तेल लावलेला पिस्टन स्प्रिंगशिवाय आत सोडा. तो स्वतःच्या वजनानं सावकाश खाली गेला पाहिजे. मध्येच थांबला तर केसिंग दबलेलं आहे किंवा पिस्टनला पोचा आहे. अशा वेळी स्प्रिंग ताणून जोर वाढवणं म्हणजे दुखणं झाकणं. ताणलेली स्प्रिंग एका बाजूला ढकलते आणि पिस्टन त्या बाजूनं झिजतो.

अडकणारा पिस्टन मधला असेल तर वाद्याची पकड सैल करून पुन्हा बघा. हात काढल्यावर तो मोकळा होत असेल, तर केसिंगवर आधाराच्या पट्ट्यांतून ताण येतो आहे. सूसाफोनमध्ये हा प्रकार फार आढळतो, कारण वर्षानुवर्षं तो व्हॉल्व्हला धरूनच उचलला जातो.

## टप्पा ९: परत बसवणं

पिस्टन. गाइडची खाच डोळ्यांनी शोधा, पिस्टन तिच्या समोर धरा, सरळ सोडा. काही जुन्या वाद्यांत दोन्ही बाजूंना सारख्या खाचा असतात आणि पिस्टन उलट्या तोंडानंही बसतो. बसला याचा अर्थ बरोबर बसला असा नाही. प्रत्येक पिस्टननंतर माउथपीसच्या नळीतून फुंका, आधी चावी सोडून, मग दाबून. हवा दोन्ही वेळा मोकळी गेली तरच पुढचा पिस्टन उचला. तिन्ही बसवून मग फुंकलं तर दोष कुठला हे शोधायला सगळे पुन्हा काढावे लागतात.

भोकांची रांग. दुसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड काढा आणि नळीतून टॉर्च मारून आत बघा. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा मिळाला तर उत्तम. चावी दाबल्यावर पिस्टनची कड चंद्रकोरीसारखी डोकावत असेल तर बटणाखालचं फेल्ट जाड किंवा पातळ आहे. सोडलेल्या अवस्थेत रांग चुकत असेल तर दोष वरच्या टोपीच्या आतल्या फेल्टमध्ये. दोन्ही एकाच वेळी बदलू नका. आधी सोडलेली अवस्था जुळवा, मग दाबलेली. कमी चालीच्या पिस्टनवर कागदाच्या चकतीएवढा फरकही ऐकू येतो, म्हणून घाई नको.

टोप्या बोटांच्या जोरानं. पकड लावून आवळलेली टोपी पुढच्या वेळी उघडणारच नाही.

रोटर. दांड्यावर एक थेंब दाट तेल, रोटरच्या अंगावर पातळ. मागची पाटी तिच्या खुणेवर ठेवा आणि कडेवर लाकडी नळकांडं टेकवून चहूबाजूंनी सारखे ठोके द्या. प्रत्येक दोन ठोक्यांनंतर रोटर बोटानं फिरवून बघा. तो अचानक जड झाला तर पाटी तिरकी गेली आहे. काढा आणि पुन्हा सुरू करा. ठोकत राहिलात तर तो तसाच घट्ट होईल.

दोरी बांधताना चावीची उंची बाकीच्या चाव्यांशी जुळेपर्यंत दोरीचा स्क्रू हलका ठेवा. मग मागच्या खुणा बघा. दोन्ही टोकांना त्या जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर थांब्याचं कॉर्क किंवा रबर कापा, पण एका वेळी ब्लेडनं एकच पातळ पापुद्रा. कापलेलं जास्त झालं तर नवा तुकडा बसवावा लागतो.

## टप्पा १०: वाजवून बघा, आणि नोंदींशी ताडा

आता टप्पा ३ ची सगळी तपासणी तशीच पुन्हा. 'टप्' आवाज आधी होता आणि आता नसेल तर दोष जोडणीचा आहे, वाद्याचा नाही. आधीही नव्हता आणि आताही नसेल तर पिस्टन किंवा रोटर झिजले आहेत. थोडं दाट तेल काही काळ मदत करतं. पुढचा इलाज म्हणजे पिस्टनवर नव्यानं मुलामा चढवून तो केसिंगमध्ये घासून बसवणं, आणि ते कारखान्यातलं काम.

लक्षणांवरून कारण असं शोधा:

- एका चावीवर हवा पूर्ण बंद: पिस्टन उलटा, किंवा दुसऱ्या जागेचा पिस्टन इथे आला.
- स्वर येतो पण कोंडलेला, चावी किंचित उचलली की सुधारतो: खालच्या अवस्थेत भोकांची रांग चुकली. बटणाखालचं फेल्ट बघा.
- फक्त चौथ्यासह जोडीत वाजवताना गुरगुर: मागच्या वळशात पाणी किंवा गाळ.
- रोटर थंड असताना चालतो, गरम झाल्यावर अडतो: पाटी किंचित तिरकी.
- चावी परत येताना खडखड: दोरी सैल, किंवा जोडदांड्याच्या सांध्यात तेल नाही. रोटर उघडायची गरज नाही.
- सगळं मोकळं, तरी सगळे स्वर सारखेच चढे: टप्पा २ मधले आकडे पुन्हा काढा आणि व्हॉल्व्हला हात लावू नका.

पहिले काही दिवस रोज वाजवण्याआधी खालच्या टोप्या उघडून पुसा. जुना गाळ सैल होऊन तेलाबरोबर तिथे उतरत राहतो, आणि पुसलेलं फडकं काळं यायचं थांबेपर्यंत हे सोडू नका.